देश तसा वेश : परदेशातील चिनी गुंतवणुकीची बदलती रूपे

एप्रिल २०१९ मध्ये मलेशिया सरकारने पूर्व किनारा रेल्वे प्रकल्पाचा सुधारित करार जाहीर केला, तेव्हा त्यातील आकड्यांकडे साऱ्या आशियाचे लक्ष वेधले गेले. पंतप्रधान नजीब रझाक यांच्या कारकिर्दीत, २०१६ साली, हे काम चीनच्या ‘चायना कम्युनिकेशन्स कन्स्ट्रक्शन कंपनी’ या सरकारी कंपनीला देण्यात आले होते. खर्चाचा अंदाज होता सुमारे ६५.५ अब्ज रिंगिट. मे २०१८ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले, महाथीर मोहम्मद पंतप्रधान झाले आणि जुलैमध्ये त्यांनी काम थांबविले. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या दौऱ्यात त्यांनी नव्या प्रकारच्या वसाहतवादाबद्दल यजमानांसमोरच इशारा दिला. नऊ महिन्यांच्या वाटाघाटींनंतर तीच कंपनी तेच काम ४४ अब्ज रिंगिटमध्ये करण्यास तयार झाली. मार्ग ६८८ किलोमीटरवरून सुमारे ६४० किलोमीटरवर आला, बांधकामातील स्थानिक कंत्राटदारांचा वाटा ३० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत वाढला आणि गाड्या चालविण्यातील तोट्याची निम्मी जोखीमही चिनी कंपनीने स्वीकारली. पुढील सरकारच्या काळात मार्ग आणि खर्च पुन्हा बदलले. परंतु एक गोष्ट या घटनेने स्पष्ट केली. जो करार अटळ म्हणून सांगितला जात होता, तो अटळ नव्हता.

परदेशातील चिनी गुंतवणुकीचे वर्णन साधारणपणे दोन टोकांना जाऊन केले जाते. एका बाजूस ती विकसनशील देशांना मिळालेली संजीवनी असल्याचे सांगितले जाते, तर दुसऱ्या बाजूस बीजिंगमध्ये आखलेला आणि जगावर लादलेला कर्जाचा सापळा म्हणून तिच्याकडे बोट दाखविले जाते. प्रत्यक्षात गेल्या पंचवीस वर्षांतील अनुभव या दोन्ही चित्रांत नीट बसत नाही. आपल्याकडे ‘देश तसा वेश’ अशी म्हण आहे. चिनी कंपन्यांनी परदेशात बऱ्याच अंशी हेच धोरण अवलंबिले आहे. एकाच देशातून निघालेला पैसा झांबियात एक रूप घेतो, इंडोनेशियात दुसरे, तर हंगेरीत किंवा भारतात तिसरे. हे रूप कोण ठरवितो, आणि त्याचा लाभ यजमान देशातील नेमका कोणाला होतो, हा खरा प्रश्न आहे.

‘बाहेर पडा’ धोरणाची पार्श्वभूमी

चीनने आपल्या कंपन्यांना परदेशी गुंतवणुकीसाठी पद्धतशीर प्रोत्साहन देण्यास शतकाच्या वळणावर प्रारंभ केला. ‘बाहेर पडा’ या नावाने ओळखले जाणारे हे धोरण २००१ पासूनच्या दहाव्या पंचवार्षिक योजनेत समाविष्ट झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य बनला. २०१३ साली अध्यक्ष शी जिनपिंग यांनी सप्टेंबरमध्ये कझाकस्तानात आणि ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात ज्या योजनेची घोषणा केली, तीच पुढे ‘पट्टा आणि मार्ग’ उपक्रम म्हणून परिचित झाली. २०१६ मध्ये चीनची वार्षिक परदेशी गुंतवणूक १९० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्यानंतर भांडवल देशाबाहेर जाण्याच्या भीतीने सरकारनेच लगाम घातला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कोणत्या क्षेत्रांतील गुंतवणुकीस प्रोत्साहन, कोणत्या क्षेत्रांत निर्बंध आणि कोठे बंदी, याची वर्गवारी जाहीर केली.

या प्रवाहात एकच घटक नाही. चीनची विकास बँक आणि निर्यात-आयात बँक या धोरणात्मक बँका कर्ज देतात. केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपन्या खाणी, बंदरे आणि रेल्वे उभारतात. प्रांतांच्या कंपन्या बांधकामाची कंत्राटे घेतात. आणि खासगी उद्योगपती कारखाने काढतात. प्रत्येकाचा हेतू निराळा असतो. खासगी कारखानदारास नफा हवा असतो, तर सरकारी खाण कंपनीस नफ्याबरोबरच खनिजाचा अखंड पुरवठा आणि दोन्ही सरकारांचे सहकार्यही हवे असते. त्यामुळे वाटाघाटीत कोण कोठे नमेल, हेही वेगवेगळे असते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. चीनच्या वाणिज्य आणि पर्यावरण मंत्रालयांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये परदेशी गुंतवणुकीतील पर्यावरण रक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा मुख्य भर यजमान देशाचे कायदे पाळण्यावर होता आणि त्यांचे स्वरूप बंधनकारक नियमांपेक्षा उपदेशाचे अधिक होते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की जेथे कायदा कडक आणि तपासणी खरी असते, तेथे कंपनीस मानदंड उंचवावा लागतो. जेथे कायदा कागदावर असतो, तेथे मानदंडही कागदावरच राहतो.

राजकीय जोखमीचा धडा चिनी कंपन्यांना २०११ साली लिबियात मिळाला. तेथे यादवी पेटल्यावर चीनला सुमारे ३५ हजार नागरिकांना तातडीने बाहेर काढावे लागले आणि कंपन्यांची अनेक कामे अर्धवट राहिली. केवळ राज्यकर्त्यांशी जुळवून घेणे पुरेसे नाही, राज्यकर्ते बदलतातही, ही जाणीव त्यानंतर वाढली.

झांबिया : खाणीतील संघर्षातून आलेला बदल

ही जाणीव येण्यापूर्वीच आफ्रिकेतील एका देशाने चिनी कंपन्यांना बदलण्यास भाग पाडले होते. झांबियाच्या ताम्रपट्ट्यातील चांबिशी येथील बंद पडलेली खाण चीनच्या एका सरकारी धातू कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतली. ८५ टक्के भाग चिनी कंपनीकडे आणि १५ टक्के झांबियाच्या सरकारी कंपनीकडे, अशी विभागणी होती. खाण पुन्हा सुरू झाली, परंतु कमी वेतन, तात्पुरत्या नेमणुका आणि सुरक्षेची हेळसांड यांबद्दल कामगारांत असंतोष धुमसत होता. एप्रिल २००५ मध्ये चांबिशी येथील स्फोटकांच्या चिनी कारखान्यात भीषण स्फोट होऊन सुमारे ५० झांबियन कामगार मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी वेतनासाठीच्या आंदोलनात कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

या संतापाला राजकीय वाचा फोडली विरोधी नेते मायकेल साटा यांनी. २००६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी चिनी मालकांविरुद्ध उघड प्रचार केला. ते पराभूत झाले, तरी ताम्रपट्ट्याने आणि राजधानीने त्यांना भरघोस मते दिली. फेब्रुवारी २००७ मध्ये चीनचे तत्कालीन अध्यक्ष हू जिंताव झांबियाच्या दौऱ्यावर आले असता, निदर्शनांच्या शक्यतेमुळे त्यांना ताम्रपट्ट्यातील नियोजित भेट रद्द करावी लागली. त्याच दौऱ्यात चांबिशी येथे चिनी आर्थिक क्षेत्र स्थापन करण्याची घोषणा झाली. तांबे केवळ बाहेर न नेता त्यावरील प्रक्रियाही झांबियातच व्हावी, या जुन्या मागणीस दिलेले ते उत्तर होते.

खरी कसोटी २००८ च्या जागतिक मंदीत लागली. त्या वर्षी जुलैमध्ये प्रतिटन सुमारे ९ हजार डॉलर असलेला तांब्याचा भाव डिसेंबरपर्यंत ३ हजार डॉलरच्या आसपास कोसळला. ताम्रपट्ट्यातील अन्य परदेशी कंपन्यांनी हजारो कामगारांना घरी पाठविले. लुआन्शा येथील खाण तर बंदच झाली. चिनी सरकारी कंपनीने मात्र चांबिशीत कामगारकपात न करण्याचे जाहीर केले आणि २००९ मध्ये लुआन्शाची खाणही ताब्यात घेतली. यात परोपकारापेक्षा हिशेब अधिक होता. तांब्याचा दीर्घकालीन पुरवठा आणि झांबिया सरकारचा विश्वास यांची किंमत तिच्या दृष्टीने एका वर्षाच्या तोट्याहून मोठी होती.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ चिंग क्वान ली यांनी अनेक वर्षे झांबियात राहून या विषयाचा अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द स्पेक्टर ऑफ ग्लोबल चायना’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की चिनी सरकारी खाणींत वेतन कमी होते, पण नोकरी तुलनेने टिकाऊ होती. तर केवळ नफ्यावर नजर ठेवणाऱ्या जागतिक कंपन्यांत वेतन अधिक, पण कपातीची टांगती तलवार कायम होती. यापेक्षाही त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. खाणक्षेत्रात सरकार, कामगार संघटना आणि राजकीय पक्ष यांनी मिळून दबाव आणला, म्हणून चिनी कंपनीने सवलती दिल्या. बांधकाम क्षेत्रात असा संघटित दबाव नव्हता. तेथे त्याच चिनी सरकारच्या कंपन्यांनी तसे काहीच दिले नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये साटा निवडून आले. किमान वेतन वाढले, तांब्यावरील स्वामित्वधन २०१२ मध्ये ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेले. परंतु चिनी कंपन्यांना देशाबाहेर घालविण्याची भाषा सत्तेवर येताच मावळली. मागणी करणाऱ्यास गुंतवणुकीचीही गरज असते, हे त्यातून दिसले.

झांबियाच्या कथेला अलीकडे एक दुःखद पुस्ती जोडली गेली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी चांबिशीजवळ एका चिनी कंपनीच्या प्रकल्पातील आम्लयुक्त टाकाऊ गाळ साठविणारा बंधारा फुटला आणि विषारी पाणी काफुए नदीच्या खोऱ्यात शिरले. मासे मेले, शेते नासली, कित्वे शहराचा पाणीपुरवठा काही काळ बंद ठेवावा लागला. ही कंपनी ज्या सरकारी उद्योगसमूहाची होती, त्याच समूहाने मंदीच्या काळात चांबिशीतील नोकऱ्या राखल्या होत्या. नोकऱ्यांच्या प्रश्नावर कामगारांचा आवाज होता. नदीच्या प्रश्नावर तेवढा मोठा आवाज दुर्घटनेपूर्वी नव्हता.

इंडोनेशिया : कच्चे खनिज नको, कारखाना हवा

झांबियात दबाव खालून, कामगारांकडून आला. इंडोनेशियात तो वरून, कायद्याच्या रूपाने आला. निकेल हे पोलादाला गंज लागू न देणारे आणि विजेवरील वाहनांच्या बॅटरीत वापरले जाणारे मूल्यवान खनिज. इंडोनेशियाकडे त्याचे प्रचंड साठे आहेत. परंतु वर्षानुवर्षे कच्ची माती जहाजांत भरून चीनला जात असे आणि मूल्यवृद्धी तिकडे होत असे. २००९ च्या खाण कायद्याने देशांतर्गत प्रक्रियेची अट घातली आणि जानेवारी २०१४ पासून कच्च्या खनिजाच्या निर्यातीवर बंदी आली. २०१७ मध्ये ती शिथिल झाली, पण १ जानेवारी २०२० पासून निकेलपुरती पुन्हा पूर्णपणे लागू करण्यात आली.

चिनी उद्योगाने या बंदीपुढे पाठ फिरविली नाही. वेन्झोऊ येथील ‘त्सिंगशान’ या खासगी पोलाद समूहाने स्थानिक भागीदारासह सुलावेसी बेटावरील मोरोवाली येथे औद्योगिक वसाहत उभारण्याचा करार ऑक्टोबर २०१३ मध्ये, शी जिनपिंग यांच्या इंडोनेशिया भेटीच्या वेळीच केला होता. २०१५ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली. पुढे तेथे गंजरोधक पोलादाचे कारखाने, स्वतंत्र बंदर, विमानतळ, वीजकेंद्रे आणि धातुविद्येचे तंत्रनिकेतनही उभे राहिले. २०२३ पर्यंत जगातील निम्मे निकेल इंडोनेशियात निघू लागले. निकेल आणि त्यापासूनच्या वस्तूंची निर्यात काही वर्षांतच सुमारे ३ अब्ज डॉलरवरून ३० अब्ज डॉलरपर्यंत गेल्याचे तत्कालीन अध्यक्ष जोको विडोडो अभिमानाने सांगत असत. युरोपीय संघाने या बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निवाडा इंडोनेशियाच्या विरोधात गेला. इंडोनेशियाने त्यावर अपील केले आणि धोरण मात्र बदलले नाही. युरोप न्यायासनासमोर उभा राहिला, चीनने कारखाना काढला. दोन भूमिकांतील हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

तरीही मोरोवालीचे चित्र एकरंगी नाही. कायद्याने प्रक्रिया देशात आणण्याची अट घातली होती. ती पूर्ण झाली. वीज कशापासून तयार करावी, याची कडक अट नव्हती. म्हणून भट्ट्यांसाठी कोळशावरील वीजकेंद्रे उभी राहिली. सप्टेंबर २०२१ मध्ये शी जिनपिंग यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, चीन परदेशात नवी कोळसा वीजकेंद्रे उभारणार नाही, असे जाहीर केल्यानंतरही कारखान्यांच्या स्वतःच्या वापरासाठीची केंद्रे वाढतच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर मोरोवालीतील एका चिनी कारखान्यात सुरक्षा आणि वेतनावरून दंगल होऊन एक इंडोनेशियन आणि एक चिनी असे दोन कामगार ठार झाले. डिसेंबर २०२३ मध्ये मोरोवाली वसाहतीतील भट्टीच्या दुरुस्तीचे काम चालू असताना स्फोट झाला आणि २१ कामगारांनी प्राण गमावले. त्यांपैकी १३ इंडोनेशियन आणि ८ चिनी होते.

इंडोनेशियातीलच दुसरे उदाहरण वेगळा धडा देते. जकार्ता ते बांडुंग या १४२ किलोमीटरच्या अतिवेगवान रेल्वेसाठी २०१५ मध्ये जपान आणि चीन यांच्यात स्पर्धा होती. सरकारी तिजोरीतून पैसा लागू नये आणि सरकारने कर्जाची हमी देऊ नये, ही अध्यक्षांची राजकीय अट होती. जपानने ती मान्य केली नाही. चीनने केली आणि काम मिळविले. इंडोनेशियाच्या सरकारी कंपन्यांकडे ६० टक्के आणि चिनी कंपन्यांकडे ४० टक्के भाग, तर तीन चतुर्थांश भांडवल चीनच्या विकास बँकेचे कर्ज, अशी रचना ठरली. भूसंपादन रखडले, खर्च ७ अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि २०२१ मध्ये सरकारी निधी वापरण्यास परवानगी देणारा आदेश काढण्याची वेळ आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाडी धावू लागली. परंतु जी अट मान्य झाली म्हणून काम चीनला दिले गेले, ती अटच टिकली नाही. यजमानाची मागणी मान्य होणे आणि ती मागणी शहाणपणाची असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जनमताचा रेटा : म्यानमार आणि श्रीलंका

जेथे कायदे दुबळे असतात, तेथे कधी कधी जनमतच वाटाघाटीच्या मेजावर येऊन बसते. म्यानमारमधील इरावती नदीवर मित्सोन येथे ३.६ अब्ज डॉलर खर्चाचे आणि ६ हजार मेगावॉट क्षमतेचे धरण चिनी सरकारी कंपनी बांधत होती. त्यातील सुमारे ९० टक्के वीज चीनला जाणार होती. इरावती ही ब्रह्मी जनतेची जीवनवाहिनी. विरोध एवढा वाढला, की ३० सप्टेंबर २०११ रोजी अध्यक्ष थेन सेन यांनी हे काम स्थगित केले. बीजिंगला हा मोठा धक्का होता.

पुढील वर्षी लेटपडौंग येथील तांब्याच्या खाणीवरून असाच संघर्ष पेटला. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंदोलक ग्रामस्थ आणि बौद्ध भिक्षूंवर पोलिसांनी केलेल्या कारवाईत अनेकजण भाजले. आंग सान स्यू ची यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने मार्च २०१३ मध्ये, सुधारणा करून खाण चालू ठेवावी, अशी शिफारस केली. मित्सोनचा अनुभव ताजा असलेल्या चिनी कंपनीने जुलैमध्ये नवा करार स्वीकारला. पूर्वी ४९ टक्के असलेला तिचा वाटा ३० टक्क्यांवर आला, म्यानमार सरकारला ५१ टक्के मिळाले आणि निव्वळ नफ्यातील २ टक्के स्थानिक विकासासाठी राखून ठेवण्याचे ठरले. सरकारचे समाधान झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या ग्रामस्थांचे मात्र झाले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये कुंपण घालण्यास विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन एका महिलेचा मृत्यू झाला.

श्रीलंकेतील हंबनटोटा बंदराचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१७ मध्ये चिनी कंपनीस १.१२ अब्ज डॉलरला देण्यात आला, हे सर्वश्रुत आहे. त्या वर्षाच्या प्रारंभी झालेल्या उग्र निदर्शनांनंतर चिनी कंपनीचा प्रस्तावित ८० टक्के वाटा ७० टक्क्यांवर आला आणि बंदराच्या सुरक्षेचे अधिकार श्रीलंकेकडे राहतील अशी तरतूद झाली, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. मूळ व्यवहार त्यामुळे बदलला नाही. कर्जबाजारी देशाची मागणी करण्याची शक्ती तेवढीच असते.

शुल्काच्या भिंतीआड कारखाने

श्रीमंत आणि मोठ्या बाजारपेठा असलेल्या देशांकडे वेगळे हत्यार असते : आयातशुल्क. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने चीनमध्ये तयार होणाऱ्या विजेवरील मोटारींवर नेहमीच्या १० टक्क्यांखेरीज ३५.३ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त शुल्क लावले. त्याची चाहूल लागताच चिनी उद्योग युरोपच्या आत शिरण्याच्या तयारीला लागला होता. ‘सीएटीएल’ या बॅटरी कंपनीने हंगेरीतील डेब्रेत्सेन येथे ७ अब्ज युरोंहून मोठा प्रकल्प २०२२ मध्येच जाहीर केला होता आणि ‘बीवायडी’ या मोटार कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सेगेद शहराची निवड केली. दुसरीकडे बंदरांसारख्या संवेदनशील क्षेत्रात युरोपने दार किलकिलेच ठेवले. ग्रीसच्या पिरियस बंदरात बहुमताचा वाटा मिळविणाऱ्या ‘कॉस्को’ या सरकारी कंपनीस २०२३ मध्ये जर्मनीतील हँबर्ग बंदराच्या एका धक्क्यात २५ टक्क्यांहूनही कमी वाट्यावर समाधान मानावे लागले. कंपनीने मागितला होता ३५ टक्के.

ब्राझीलनेही विजेवरील मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने वाढविले आणि ‘बीवायडी’ने बाहिया राज्यातील कामासारी येथे ‘फोर्ड’ने सोडलेल्या जागेवर कारखाना उभारण्यास घेतला. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या श्रम निरीक्षकांना त्या बांधकामावर १६३ चिनी मजूर गुलामीसदृश स्थितीत आढळले. ते एका चिनी उपकंत्राटदाराने आणलेले होते. काम थांबविले गेले, कंत्राटदाराशी संबंध तोडण्यात आले. नियम होते आणि निरीक्षक जागेवर गेले, म्हणून बदल झाला.

भारत आणि महाराष्ट्राचा अनुभव

या संपूर्ण चर्चेत भारताचे स्थान वेगळे आहे, कारण येथे आर्थिक अटींच्या आधी सीमेचा प्रश्न येतो. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने, भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीस पूर्वपरवानगी अनिवार्य केली. जूनमध्ये गलवान खोऱ्यात संघर्ष झाला आणि वातावरण पूर्णपणे बदलले.

त्याचा पहिला मोठा परिणाम पुण्याजवळील तळेगाव येथे दिसला. ‘जनरल मोटर्स’चा तेथील कारखाना विकत घेण्याचा करार चीनच्या ‘ग्रेट वॉल मोटर्स’ने जानेवारी २०२० मध्ये केला होता आणि जूनमध्ये महाराष्ट्र शासनाशी सुमारे ३ हजार ७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करारही झाला. गलवाननंतर राज्याने तो स्थगित ठेवला. परवानगीची प्रतीक्षा करून २०२२ मध्ये चिनी कंपनीने माघार घेतली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये हा कारखाना घेण्याचा करार ‘ह्युंदाई’ने केला. दरम्यानच्या काळात कारखाना बंद पडला आणि तेथील कामगारांना नोकरी गेल्याने न्यायालयाची पायरी चढावी लागली. राष्ट्रीय सुरक्षेच्या निर्णयालाही किंमत असते आणि ती प्रथम कोणी मोजली, हे विसरता येणार नाही.

भारतात आधीपासून पाय रोवलेल्या चिनी कंपन्यांनी मात्र वेश बदलला. गुजरातमधील हालोल येथे मोटारी बनविणाऱ्या ‘एमजी’ची मालक असलेल्या शांघायच्या सरकारी कंपनीने मुंबईस्थित ‘जेएसडब्ल्यू’ समूहाला ३५ टक्के भाग देण्याचा करार नोव्हेंबर २०२३ मध्ये केला. ‘विवो’ने मोबाइल फोनच्या उत्पादनासाठी ‘डिक्सन’ या भारतीय कंपनीशी, तिच्याकडे ५१ टक्के भाग राहील अशा भागीदारीचा प्रस्ताव डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. रांजणगाव येथे २००७ पासून कारखाना असलेल्या ‘हायर’नेही आपल्या भारतीय कंपनीतील ४९ टक्के भाग ‘भारती’ समूह आणि एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेस देण्याचा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. पूर्ण मालकीचा आग्रह धरणाऱ्या कंपन्या भागीदारीस तयार झाल्या, कारण एवढी मोठी बाजारपेठ सोडणे त्यांना परवडणारे नव्हते.

लवचिकतेची सीमा

तथापि ही लवचिकता अमर्याद नाही. भाव, भागभांडवल, स्थानिक कामगारांचे प्रमाण, प्रक्रियेचे ठिकाण या गोष्टींवर चिनी कंपन्या तडजोड करतात. कामगारांबाबत तर रूढ समजूत बरीच जुनी झाली आहे : ‘मॅकिन्से’ या सल्लागार संस्थेने २०१७ मध्ये आफ्रिकेतील आठ देशांतील हजार चिनी कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ८९ टक्के कर्मचारी आफ्रिकी होते. व्यवस्थापकांत मात्र हे प्रमाण ४४ टक्केच होते. वरच्या पदांवर आणि तंत्रज्ञानावर हात सैल होत नाही, याचे हे लक्षण होय. जुलै २०२५ मध्ये चीनने बॅटरीच्या काही महत्त्वाच्या तंत्रांच्या निर्यातीसाठी सरकारी परवाना आवश्यक केला. म्हणजे कारखाना मिळेल, नोकऱ्या मिळतील, पण त्यामागील विद्या मिळेलच असे नाही.

दुसरी सीमा यजमान देशाच्या आतच असते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने २००८ मधील खनिजांच्या बदल्यात पायाभूत सुविधांचा करार मार्च २०२४ मध्ये सुधारून घेतला आणि सुविधांसाठीची रक्कम ३ अब्ज डॉलरवरून ७ अब्ज डॉलरवर नेली. हे यश मोठे आहे. परंतु ते मिळण्यास सोळा वर्षे लागली आणि त्या पैशातून रस्ते खरोखर किती होतील, हे बीजिंगमध्ये नव्हे तर किन्शासात ठरणार आहे.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. चिनी गुंतवणूक मागणीप्रमाणे बदलते, परंतु ती बोललेल्या आणि बळ असलेल्या मागणीप्रमाणेच बदलते. मलेशियाने भाव मागितला, भाव मिळाला. इंडोनेशियाने भट्ट्या मागितल्या, भट्ट्या मिळाल्या. झांबियाच्या खाणकामगारांनी नोकऱ्यांसाठी लढा दिला, नोकऱ्या टिकल्या. काफुए नदीकाठचा शेतकरी, लेटपडौंगचा ग्रामस्थ आणि मोरोवालीच्या भट्टीपुढील कामगार यांची मागणी त्यांच्याच सरकारने लावून धरली नाही, म्हणून ती करारात कधी उतरलीच नाही. परदेशी भांडवल कोणत्याही देशाचे असो, ते यजमानाच्या घरातील व्यवस्था पाहून वागते. म्हणून पाहुण्याच्या हेतूंची चिकित्सा करताना आपल्या घरातील नियम, निरीक्षक आणि दुर्बलांचा आवाज शाबूत आहे की नाही, हे आधी पाहणे प्रत्येक यजमान देशाच्या हिताचे आहे.